आधी उद्दिष्ट, मग घटक: अभ्यास मंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

पुणे

विविध विषयांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य, तसेच पुणे परिसरातील महाविद्यालयांत शिकवणारे माझे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातील एका महाविद्यालयात गेली 22 वर्षे भूगोल शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवी अभ्यासक्रमांची पुनर्रचना 2024-25 या वर्षापासून संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आणि तेव्हापासून आपण सारेच मोठ्या घाईत आहोत. मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण अशा निरनिराळ्या रकान्यांसाठी दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) कितीतरी नवे अभ्यासक्रम लिहावे लागत आहेत. विद्यापीठाचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या या मंडळांचे सदस्य स्वतःच्या तासिका सांभाळून, रात्री जागून हे काम करतात, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांच्या कष्टांविषयी मनात आदर ठेवूनच मी हे लिहीत आहे. माझे म्हणणे एकाच गोष्टीपुरते आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली ज्या चार-पाच ओळी छापल्या जातात, त्या आपण बहुधा सर्वांत शेवटी लिहितो. त्या सर्वांत आधी लिहिल्या जाव्यात आणि घटक, तासिकांची वाटणी, वाचनसाहित्य व प्रश्नपत्रिका हे सारे त्या ओळींवरून ठरावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या ओळी आज कशा असतात, हे आपणा सर्वांना पाठ आहे. 'विद्यार्थ्यांना अमुक संकल्पनेची ओळख करून देणे', 'तमुक विषयाची जाणीव निर्माण करणे', 'अभिरुची वाढवणे'. या वाक्यांत वाईट काहीच नाही, पण त्यांतील क्रियापदाचा कर्ता कोण आहे, हे एकदा पाहावे. ओळख करून देणारा शिक्षक आहे. मी वर्गात उभी राहिले, फळ्याशेजारी नकाशा टांगला, चाळीस मिनिटे बोलले, म्हणजे ओळख करून देऊन झाली. समोर बसलेल्या मुलाला सत्र संपल्यावर आधी येत नव्हते असे काय येऊ लागले, याविषयी ते वाक्य एक शब्दही बोलत नाही. त्यामुळे ते उद्दिष्ट साध्य झाले नाही, असे कधीच होत नाही, आणि जे चुकूच शकत नाही त्यावरून काही सुधारताही येत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. एका फजितीतून कळले. सुमारे बारा वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत मी स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे डोंगर, ओढे, रस्ते, वस्त्या असा प्रदेशाचा तपशील दाखवणारे नकाशे, शिकवत असे. अभ्यासक्रमात उद्दिष्ट होते: 'स्थलनिर्देशक नकाशांची ओळख करून देणे.' त्याप्रमाणे मी मुलांकडून सांकेतिक चिन्हे व खुणा काढून घेतल्या. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, निळे जलाशय, हिरवी वने, पिवळी शेतजमीन, लाल रस्ते. जर्नले इतकी देखणी झाली होती की बाह्य परीक्षकांनी दोन-तीन जर्नले मुद्दाम बाजूला काढून इतरांना दाखवली. निकालही उत्तम लागला. पुढच्या वर्षीच्या जुलैत, त्याच मुलांपैकी अठरा जणांना घेऊन मी वेताळ टेकडीवर गेले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीनुसार पुण्याचा उत्तरेकडचा भाग 47 एफ/14 या नकाशात येतो आणि टेकडी त्याच नकाशावर आहे. प्रत्येक गटाच्या हाती नकाशाची प्रत दिली आणि विचारले, "आपण आत्ता या नकाशावर नेमके कुठे उभे आहोत, ते बोट ठेवून दाखवा."

पाषाण तलाव समोर दिसत होता. ढग वर सरकल्यावर नैऋत्येच्या अंगाला सिंहगडावरचा मनोराही दिसला. अठरापैकी दोघांनी कशीबशी जवळपास जागा दाखवली. उरलेल्यांना नकाशा उत्तरेकडे तोंड करून धरायचा असतो, हेही आठवले नाही. ज्या मुलीचे जर्नल परीक्षकांनी सर्वांना दाखवले होते, ती माझ्याजवळ आली आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, असं परीक्षेत कधीच नव्हतं."

तिचे म्हणणे खरे होते. परीक्षेत नव्हते, जर्नलात नव्हते, आणि मी सत्रभर जे शिकवले त्यातही नव्हते. मी त्यांना नकाशाची ओळख करून दिली होती, नकाशा वाचायला शिकवले नव्हते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तोवर जाणवले नव्हते, कारण त्या वेगळ्या करून दाखवील असे वाक्य माझ्यासमोर कोणी ठेवले नव्हते आणि मीही स्वतःसाठी लिहिले नव्हते.

त्या पावसाळ्यात घरी बसून मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिले. शेवटी ते असे झाले: 'सत्राच्या अखेरीस विद्यार्थी, 1:50,000 प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा आणि होकायंत्र हाती असताना, पूर्वी न पाहिलेल्या ठिकाणी उभा राहून आपले स्थान नकाशावर दाखवील, समोरच्या उताराची तीव्रता समोच्च रेषांवरून मोजून सांगेल आणि दिलेल्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखून दाखवील. स्थान दाखवण्यातील चूक नकाशावर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे जमिनीवर 250 मीटरपेक्षा, जास्त नसावी.' नंतर मला कळले की अमेरिकेतील रॉबर्ट मेगर यांनी 1962 सालीच उद्दिष्टाचे असे तीन भाग सांगितले होते: विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत करील आणि कितपत अचूक केले म्हणजे ते पुरेसे मानायचे. मी अडखळत ज्या जागी पोहोचले, तिथे जाणारी वाट अर्धशतकापूर्वीच आखलेली होती.

त्या एका वाक्याने माझा अभ्यासक्रम जितका बदलला, तितका कोणत्याही प्रशिक्षणाने बदलला नव्हता. पहिला फरक पडला तो काय गाळायचे याविषयी. पंधरा आठवड्यांच्या सत्रात मी तीन आठवडे सांकेतिक चिन्हे पाठ करून घेण्यात घालवत असे. पण उद्दिष्टात 'नकाशा हाती असताना' असे लिहिले आणि लक्षात आले की चिन्हांची सूची त्याच नकाशाच्या तळाशी छापलेली असते. ती पाठ करण्यात काय हशील? सूची पाहून चिन्ह ओळखता आले म्हणजे झाले. तीन आठवड्यांचे काम दोन तासांवर आले. नकाशा प्रक्षेपणांच्या, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतींच्या, आकृत्या काढण्यात आणखी चार आठवडे जात. त्या मला मनापासून आवडतात, तरीही त्या द्वितीय वर्षाच्या या उद्दिष्टाकडे नेत नाहीत, हे मान्य करून मी त्यांना एका आठवड्यात बसवले. वाचलेले सारे आठवडे उताराला आणि पाणलोटाला दिले. या प्रमाणाच्या नकाशांत दोन लगतच्या समोच्च रेषांमध्ये सामान्यतः 20 मीटर उंचीचा फरक असतो. त्या रेषांत नकाशावर दोन मिलिमीटर अंतर असेल, तर जमिनीवर ते 100 मीटर होते आणि उतार पाचास एक असा निघतो. हे गणित अवघड नाही. परंतु ते एकदा फळ्यावर सोडवणे आणि टेकडीवर उभे राहून, समोरच्या उताराकडे पाहत, वाऱ्याने फडफडणारा कागद गुडघ्यावर दाबून सोडवणे, यांत फार अंतर आहे; आणि उद्दिष्टाने मला दुसऱ्या प्रकाराला बांधून घेतले होते.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, घरे वाहून गेली, माणसे दगावली. त्यानंतर काही दिवसांनी ओढ्याकाठच्या वस्तीत राहणारा माझा एक विद्यार्थी विभागात आला. त्याने दक्षिण पुण्याच्या नकाशावर पेन्सिलीने कात्रजच्या डोंगरापासून सहकारनगर, दांडेकर पूल आणि पुढे मुठेपर्यंत ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखून आणले होते. समोच्च रेषा जिथे टोकदार वळण घेतात आणि ते टोक चढाच्या दिशेला असते तिथे ओढा असतो, हा धडा त्याने नीट वापरला होता. तो म्हणाला, "डोंगराचं पाणी आमच्या दारावरून जातं हे माहीत होतं, मॅडम. पण केवढ्या डोंगराचं जातं, ते आखल्यावर कळलं." त्याच्या त्या नकाशाला कोणी गुण दिले नाहीत. मी अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टाविषयी बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो कागद असतो. जुलै 2014 मध्ये आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. त्याच जिल्ह्यात आपण भूगोलाची पदवी देतो. पदवी घेतलेल्या मुलाला उतार वाचता यावा, ही अपेक्षा मला फार मोठी वाटत नाही.

या विचाराचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, तरी थोडे सांगते. पुणे विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, 1949 मध्ये, अमेरिकेत राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रम आखणाऱ्यांपुढे चार प्रश्न ठेवले. शिक्षणातून कोणते हेतू साधायचे आहेत? ते साधतील असे कोणते अनुभव देता येतील? त्या अनुभवांची मांडणी कशी करायची? आणि हेतू साधले की नाहीत, हे कसे ओळखायचे? या चौकडीत 'कोणते घटक घ्यायचे' हा प्रश्न स्वतंत्रपणे येतच नाही. तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप सुटतो. आपल्या बैठकांत मात्र चर्चेला सुरुवात घटकांपासून होते. कोणता घटक ठेवायचा, कोणता काढायचा, कोणाच्या आवडीचा विषय राहील, यात दुपार होते, आणि चहानंतर कोणीतरी म्हणते, "आता उद्दिष्टे तेवढी घालून टाका." पुस्तकांची यादी जशी शेवटी जोडतात, तशी उद्दिष्टे जोडली जातात.

आपल्या शहराला याहून जुना आणि अधिक जवळचा वारसा आहे. 1882 साली महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याहून जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेतील मुलांना काय शिकवावे हे त्यांनी नेमके सांगितले: मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शेतीच्या धड्यांना जोडून एखादी लहानशी नमुना शेती असावी, असेही त्यांनी सुचवले. ती यादी वाचताना मला विषयांची नावे महत्त्वाची वाटत नाहीत. तिच्यामागे शेतकऱ्याचे एक ठरावीक मूल उभे आहे. सावकाराचा कागद ज्याला वाचता यावा, हिशेब ज्याला कळावा, जमीन ज्याने अधिक शहाणपणाने कसावी, अशा मुलाचा विचार आधी झाला आणि मग विषय आले, असे मला ती यादी पाहून नेहमी वाटते. म्हणूनच नमुना शेतीची गरज त्यांच्या लक्षात आली असावी. केवळ 'शेतीची ओळख' हवी असती, तर पुस्तकातला एक धडा पुरला असता.

ध्येय आणि उद्दिष्ट हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, तेव्हा त्यांविषयीही लिहायला हवे. दरवर्षी ज्ञानोबांची पालखी आपल्या शहरातून जाते. पंढरपूर हे वारीचे ध्येय आहे. त्याविषयी कोणालाच शंका नसते. पण वारी चालते ती मुक्कामांवर. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, असे मुक्काम आधीच ठरलेले आणि प्रत्येक दिंडीला ठाऊक असतात. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा लांबचा आहे, हे माहीत असल्यामुळे त्या दिवशी पहाटेच निघायचे, स्वयंपाकाचा ट्रक पुढे पाठवायचा, म्हाताऱ्या माणसांची कुठे सोय लावायची, हे ठरवता येते. 'विद्यार्थ्यांत भौगोलिक दृष्टी निर्माण व्हावी' हे माझ्या विषयाचे पंढरपूर आहे आणि ते मला हवेच आहे. पण तेवढेच लिहून मी थांबले, तर तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस माझा वर्ग कुठे पोहोचायला हवा होता आणि कोण मागे राहिले, हे मला कधीच कळणार नाही. अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर ध्येयाचे एक वाक्य असावे आणि त्याखाली मुक्काम असावेत.

शाळांतील शिक्षकांना हे नवे नाही. 1991 साली किमान अध्ययन क्षमतांचा अहवाल आला, 2017 मध्ये मुलाला शेवटी काय यावे हे सांगणाऱ्या अध्ययन निष्पत्ती आल्या; त्याच्याही आधीपासून अध्यापन पदविका केलेली कोणतीही शिक्षिका पाठ टाचणात, म्हणजे तासाआधी लिहायच्या आराखड्यात, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य अशी उद्दिष्टे आणि त्यांची स्पष्टीकरणे लिहीत आली आहे. प्रश्नपत्रिका काढण्याआधी ती संविधान तक्ता करते आणि कोणत्या उद्दिष्टाला किती गुण, हे त्यात मांडते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी पात्रता परीक्षा दिली, संशोधन केले, पण पाठ टाचण कधी लिहिले नाही, कारण ते आपल्याला कोणी मागितले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षिकेकडून आपण हे शिकायला काहीच हरकत नाही. मी स्वतः माझ्या मोठ्या वहिनींकडून शिकले. त्या जुन्नर तालुक्यात तीस वर्षे चौथीचा वर्ग शिकवत होत्या.

आता एक अवघड भाग. आपल्याकडे उद्दिष्टांविषयी कागदपत्रे कमी नाहीत. महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की अभ्यासक्रमाची निष्पत्ती आणि पदवीची निष्पत्ती यांची सांगड घालणारे तक्ते तयार होतात आणि चौकटींत एक, दोन, तीन असे आकडे भरले जातात. असे तक्ते मीही भरले आहेत. एका संध्याकाळी तीन वर्षांचे सगळे आकडे एका बैठकीत भरले, कारण दुसऱ्या दिवशी फाइल द्यायची होती. त्या आकड्यांमुळे माझ्या एकाही तासिकेत काही बदल झाला नाही. असे होऊ लागले की चांगल्या शिक्षकालाही 'उद्दिष्टे' या शब्दाचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा मला समजतो. पण तक्ते निरुपयोगी ठरले म्हणून उद्दिष्टच निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. ती उद्दिष्टे शिकवण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. दाखवण्यासाठी लिहिली होती.

याच संदर्भात क्रियापदांच्या यादीविषयी बोलायला हवे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये बौद्धिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या आणि 2001 मध्ये त्यांची सुधारित मांडणी झाली: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. ही मांडणी विचाराला मदत करते. मात्र तिच्यासोबत क्रियापदांचे तक्ते सगळीकडे फिरू लागले आणि आपण 'सांगा'च्या जागी 'विश्लेषण करा' लिहिले की पायरी चढलो, असे समजू लागलो. 'पुण्यातील पूरस्थितीच्या कारणांचे विश्लेषण करा' या प्रश्नाचे उत्तर गाईडमध्ये सहा मुद्द्यांत छापलेले असेल, तर ते पाठ करून लिहिणारा मुलगा केवळ स्मरण करतो आहे. मुलाला न पाहिलेला नकाशा, न पाहिलेली आकडेवारी दिली तरच विश्लेषणाचा प्रश्न विश्लेषणाचा राहतो. म्हणून कोणते क्रियापद वापरले यापेक्षा, ते काम करताना विद्यार्थ्याच्या हाती काय असेल, हे उद्दिष्टात लिहिणे मला अधिक मोलाचे वाटते.

साहित्य शिकवणारे माझे एक ज्येष्ठ सहकारी या सर्वाला विरोध करतात आणि त्यांच्या विरोधात तथ्य आहे. ते म्हणतात, "कविता वाचून मुलाच्या आत काय हलले, ते मी सेंटिमीटरमध्ये कसे लिहू?" अमेरिकी कलाशिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर यांनीही 1967 साली असाच आक्षेप घेतला होता: शिकताना घडणाऱ्या साऱ्याच गोष्टी आधी सांगता येत नाहीत आणि जे आधी सांगता येते तेवढेच मोलाचे असते, असेही नाही. हे मला पूर्णपणे मान्य आहे. टेकडीवर त्या दिवशी धुके उतरले, तेव्हा मुले दहा मिनिटे गप्प बसून राहिली. त्या दहा मिनिटांसाठी मी कोणतेही उद्दिष्ट लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही. प्रत्येक तासिकेला उद्दिष्टाच्या दावणीला बांधावे, असे माझे म्हणणे नाही. तीस तासांच्या अभ्यासक्रमात चार-पाच उद्दिष्टे पुरेत आणि चार-सहा तास मुद्दाम मोकळे ठेवावेत, जिथे शिक्षक आणि विद्यार्थी विषयासोबत नुसते राहतील. पण त्याच सहकाऱ्यांना मी विचारले, की सत्राच्या शेवटी मुलाने कधी न वाचलेली कविता समोर ठेवली, तर त्याने काय केले म्हणजे तुम्हाला बरे वाटेल? ते लगेच म्हणाले, "तिच्यातली एक प्रतिमा निवडावी आणि ती तिथे का आहे, हे स्वतःच्या शब्दांत सांगावे." हे उत्तम उद्दिष्ट आहे. त्यांनी ते तीस वर्षे मनात जपले होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना मात्र ते कधी वाचायला मिळाले नव्हते.

विद्यार्थ्यांना वाचायला मिळणे, हा माझ्या विनंतीचा महत्त्वाचा भाग आहे. "हे परीक्षेला येणार का?" असे मुले विचारतात तेव्हा आपल्याला राग येतो, मुले गुणांच्या मागे लागली आहेत असे वाटते. मला आता तो प्रश्न वेगळा ऐकू येतो. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे, हे मूल विचारत असते आणि ते शोधण्याची दुसरी जागा त्याला दिसत नसते. ही जागा अभ्यासक्रमाचे पहिले पान असायला हवी. ते पान मात्र इंग्रजीत लिहिले जाते आणि मराठीत येते तेव्हा 'संकल्पनात्मक आकलनाचे संवर्धन करणे' असे काहीतरी होऊन येते. आंबेगाव, पुरंदर, भोर इथून बारावी झालेली, मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी ते वाक्य वाचून स्वतःला काय विचारणार? उद्दिष्टे मूळ मराठीतच लिहावीत, आणि अभ्यासक्रम संमत करण्याआधी बारावी उत्तीर्ण झालेल्या दोन-तीन मुलांना वाचायला देऊन 'यावरून तुला काय करता यायला हवे, असे कळते?' एवढेच विचारावे. त्यांना सांगता आले नाही, तर वाक्य पुन्हा लिहावे. या कामाला खर्च नाही आणि एका दुपारीत ते होते.

तरीही प्रश्नपत्रिका बदलली नाही, तर हे सारे वाया जाईल. माझ्या हाती अंतर्गत मूल्यमापन होते, म्हणून मी तेवढे बदलले. सत्राअखेरची परीक्षा चिन्हे आणि व्याख्याच विचारत राहिली. त्यामुळे माझ्या मुलांना दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची तयारी करावी लागली: एक मी सांगितलेला आणि एक परीक्षेने सांगितलेला. त्यात जी मुले हुशार होती त्यांनी दुसरा निवडला, आणि त्यांना दोष देता येत नाही. जॉन बिग्ज यांनी 1996 मध्ये उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन हे तिन्ही एका सुतात असावेत, असा आग्रह धरला तो याचसाठी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राश्निकाला आज आपण घटकनिहाय गुणांची वाटणी देतो. त्याऐवजी उद्दिष्टनिहाय वाटणी द्यावी, आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या उद्दिष्टाची तपासणी करतो हे प्राश्निकाने लिहावे, एवढा एक नियम मंडळांनी केला, तर पुढची निम्मी सुधारणा सक्तीशिवाय होईल. ज्या उद्दिष्टावर प्रश्न काढताच येत नाही, ते उद्दिष्ट तपासायला परत आणावे. आणि जो प्रश्न कोणत्याही उद्दिष्टाखाली बसत नाही, तो घटकात कितीही ठळक असला तरी काढून टाकावा.

दोन श्रेयांक म्हणजे तासिकांचे जेमतेम तीस तास. त्यांतून सुट्ट्या, परीक्षांची व्यवस्था आणि पहिल्या आठवड्यातले प्रवेश वजा केले, तर हाती पंचवीसही उरत नाहीत. जुन्या वार्षिक पद्धतीत ज्या घटकांना वर्ष मिळत असे, ते जसेच्या तसे या तासांत कोंबले, तर शिक्षक धावत सुटतो आणि विद्यार्थी टिपणे काढत राहतो. कोणते घटक सोडायचे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. तो आपण आवडीनिवडीवर, ज्येष्ठतेवर किंवा कोणाचे पुस्तक बाजारात आहे यावर सोडवू नये. विद्यार्थ्याला शेवटी काय करता यायला हवे, यावर सोडवावा.

अभ्यास मंडळांच्या पुढील बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेत, घटकांच्या चर्चेआधी, प्रत्येक अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांसाठी वेगळा एक तास ठेवावा, अशी माझी विनंती आहे. प्रात्यक्षिक भूगोलाचे उद्दिष्टांचे पान, त्याला जोडलेला संविधान तक्ता आणि नमुना प्रश्नपत्रिका मी मराठीत तयार केली आहे. त्यात चुका असतील, काही उद्दिष्टे फार मोठी झाली असतील. मंडळाने बोलावले, तर ते कागद घेऊन मी येईन, आणि इतर विषयांच्या सहकाऱ्यांनी आपापली पाने आणली तर ती समजून घ्यायला मला आवडेल. जूनमध्ये नवी मुले वर्गात येतील. त्याआधी हे व्हावे, अशी इच्छा आहे.

आपली नम्र,

भूगोलाची एक प्राध्यापिका
पुणे